जीवाणुभक्षक विषाणु : त्यांची ओळख, त्यांचे वर्ग आणि शेतकऱ्याचा त्यांच्याशीं संबंध

डाळिंबावरील तेल्या, कागदी लिंबावरील खैऱ्या, कपाशीच्या पानांवरील कोनाकृति काळे ठिपके, म्हशींचा घटसर्प, हे रोग जीवाणूंमुळें होतात हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. दुधाचें दहीं करणारे आणि तूर, भुईमूग, हरभरा यांच्या मुळांवरील गांठींत राहून हवेंतील नत्र पिकाला मिळवून देणारे तेहि जीवाणुच, हेंहि नव्यानें सांगावयास नको. परंतु शत्रु असोत वा मित्र असोत, या जीवाणूंनाहि रोग होतो, त्यांच्यांतहि सांथी येतात आणि त्या सांथी घडवून आणणारे त्यांच्याहून कितीतरी सूक्ष्म असे विषाणु आपल्या शेतांतील मातीच्या प्रत्येक चिमटींत कोट्यवधि संख्येनें वास करीत असतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. या विषाणूंस जीवाणुभक्षक किंवा बॅक्टेरिओफेज असें नांव आहे. ज्या जीवाणूंवर स्ट्रेप्टोमायसीनसारखीं औषधें पूर्वी हटकून लागू पडत, त्यांच्यावर तीं आतां ठिकठिकाणीं लागू पडेनाशीं झालीं आहेत. पिकांवर अशा औषधांच्या वापरास मनाई करण्याच्या हुकुमाचा मसुदा केंद्र सरकारनें २०२१ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केला. अशा वेळीं या विषाणूंचा बोलबाला पुन्हा सुरू झाला आहे. तेव्हां ते काय आहेत, काय करूं शकतात आणि काय करूं शकत नाहींत, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. जीवाणु आणि विषाणु हे दोन शब्द बोलतांना एकमेकांच्या जागीं सर्रास वापरले जातात. पण त्यांत बी आणि झाड यांच्याहूनहि अधिक अंतर आहे. जीवाणु हा एक पेशीचा, पण स्वतंत्र संसार करणारा जीव आहे. तो स्वतः अन्न घेतो, वाढतो आणि दुभंगून एकाचे दोन होतो. विषाणूला यांपैकीं कांहींच येत नाहीं. तो म्हणजे आनुवंशिक द्रव्याचा एक धागा आणि त्याभोंवतीं प्रथिनाचें कवच. दुसऱ्याच्या जिवंत पेशींत शिरल्याशिवाय त्याची संख्या एकानेंहि वाढत नाहीं. पपईवरील वलयांचा रोग, भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग आणि जनावरांची लाळ-खुरकूत हे विषाणूंचे रोग होत. प्रस्तुत लेखांतील विषाणु मात्र झाडांच्या किंवा जनावरांच्या पेशींत शिरत नाहींत. ते फक्त जीवाणूंच्या पेशींत शिरतात. म्हणून पपईच्या किंवा भेंडीच्या वरील रोगांवर त्यांचा कांहींहि उपयोग नाहीं, आणि बुरशीमुळें होणाऱ्या भुरी, केवडा वगैरे रोगांवरहि नाहीं. एवढें एक वाक्य ध्यानांत राहिलें तरी पुष्कळांचा पैसा वांचेल.

या विषाणूंच्या शोधाच्या कथेंत गंगा-यमुनांचें नांव नेहमीं येतें. आग्र्यास सरकारी रसायन-परीक्षक असलेले अर्नेस्ट हँकिन यांनीं १८९६ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत असें प्रसिद्ध केलें कीं, या नद्यांच्या न उकळलेल्या पाण्यांत पटकीचे जंतु कांहीं तासांतच मरतात, पण तेंच पाणी उकळून घेतल्यास हा गुण नाहींसा होतो. हा जीवाणुभक्षकांचाच पहिला पुरावा होय असें कित्येक लेखक आज लिहितात. परंतु स्वतः हँकिन यांचा समज तो गुण पाण्यांतील एखाद्या उडून जाणाऱ्या रासायनिक द्रव्याचा आहे असा होता, आणि त्यांच्या प्रयोगावरून आज निर्णय देतां येत नाहीं. नदीच्या माहात्म्यासाठीं विज्ञानाकडून वाजवीपेक्षां अधिक साक्ष काढणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

निःसंशय शोध लागला तो १९१५ सालीं लंडन येथें. फ्रेडरिक ट्वॉर्ट हे कांचेच्या बशींत जंतु वाढवीत असतां जंतूंचे कांहीं पुंजके कांचेसारखे पारदर्शक होत आहेत असें त्यांना आढळलें. त्या पारदर्शक भागाचा अंश निरोगी पुंजक्यास लावतांच तोहि तसाच विरघळे. आणि ज्या चिनी मातीच्या गाळणींतून कोणताहि जीवाणु पलीकडे जात नाहीं, तींतून हा अंश सहज जाई. ट्वॉर्ट यांनीं हें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत छापलें, पण पैशाच्या अडचणीमुळें पुढील शोध थांबला आणि महायुद्धाच्या धामधुमींत त्या लेखाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

दोन वर्षांनीं, १९१७ मध्यें, पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फेलिक्स देरेल यांना आमांशाच्या रोग्यांच्या मळांत हाच प्रकार स्वतंत्रपणें दिसला. बॅक्टेरिओफेज हें नांव त्यांचें. ग्रीक भाषेंतील ‘खाणें’ या अर्थाच्या धातूवरून तें साधलें आहे. देरेल यांची हकीकत शेतकऱ्यांस विशेष जवळची वाटेल. ते कोणत्याहि विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. मेक्सिकोच्या युकातान प्रांतांत असतांना त्यांनीं टोळांना होणाऱ्या हगवणीचे जंतु वेगळे काढले आणि ते फवारून टोळधाड आवरण्याचे प्रयोग अर्जेंटिना व उत्तर आफ्रिकेंत केले. त्या टोळांच्या जंतूंच्या थरांत आपणांस गोल, निर्मळ ठिपके प्रथम दिसले होते, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. १९१९ सालीं फ्रान्समध्यें कोंबड्यांत विषमज्वराची सांथ आली तेव्हां त्यांनीं कोंबड्यांवर या विषाणूंचा प्रयोग केला. त्याच वर्षीं आमांशानें आजारी असलेल्या मुलांना देण्यापूर्वीं तें औषध त्यांनीं स्वतः पिऊन पाहिलें. १९२० च्या सुमारास ते इंडोचायनांत म्हशींच्या घटसर्पावर काम करीत होते. १९२७ मध्यें ते हिंदुस्थानांत आले आणि पंजाबांत पटकीच्या रोग्यांवर प्रयोग झाले. त्यानंतर आसामांत कांहीं वर्षें विहिरींत व तळ्यांत हे विषाणु सोडण्यापर्यंत मजल गेली. या प्रयोगांनीं आशा वाढविली, पण शंका फिटल्या नाहींत. कोठें गुण आला, कोठें आला नाहीं, आणि कां आला नाहीं हें कोणास सांगतां येईना. कारण औषध म्हणून दिलें जाणारें द्रव्य नेमकें काय आहे हेंच ठरलेलें नव्हतें. देरेल त्यास सजीव विषाणु म्हणत, तर दुसरे मोठमोठे पंडित तें जीवाणूंतूनच निघणारें पाचक द्रव्य आहे असें म्हणत. १९४० सालीं जर्मनींत हेल्मुट रुस्का यांनीं इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकांतून त्यांचीं चित्रें घेतलीं, तेव्हां हा वाद मिटला. तोंवर पेनिसिलीन येऊं घातलें होतें. पाश्चात्य देशांनीं या उपचाराकडे पाठ फिरविली. जॉर्जिया देशांतील त्बिलिसी येथें १९२३ मध्यें स्थापन झालेल्या संस्थेनें मात्र तें काम अखंड चालू ठेविलें.

आतां रचनेकडे वळूं. आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या कोलाय नांवाच्या जीवाणूवर जगणारा ‘टी-४’ हा विषाणु सर्वांत अधिक अभ्यासिला गेला आहे. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पिले तर त्यांतील सुमारें २०० भाग एवढी त्याची एकंदर लांबी. म्हणजे असे पांच हजार विषाणु एकापुढें एक ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. त्याला पैलू पाडलेल्या खड्यासारखें डोकें, त्याखालीं नळीसारखें शेपूट, शेपटाच्या टोंकाला बैठक आणि बैठकीपासून निघालेले कोळ्याच्या पायांसारखे सहा लांब तंतु असतात. डोक्यांत आनुवंशिक द्रव्याचा एकच धागा दाबून भरलेला असतो. तो उलगडला तर डोक्याच्या लांबीच्या चारशेंपटींहून अधिक भरतो. गंजींत कडबा कितीहि दाबला तरी त्याची याच्याशीं तुलना व्हावयाची नाहीं!

हा विषाणु पोहत नाहीं व जीवाणूचा शोधहि घेत नाहीं. पाण्याच्या कणांच्या धक्क्यांनीं इकडे तिकडे फिरतां फिरतां तो जीवाणूवर आदळतो. त्याच्या तंतूंच्या टोंकांना जुळणारी खूण त्या जीवाणूच्या अंगावर असेल तरच तो तेथें चिकटतो. कुलपाला किल्ली बसावी तसा हा प्रकार आहे. चिकटल्यावर शेपटाचें बाहेरील आवरण आखडतें, आंतील नळी जीवाणूच्या भिंतींत घुसते आणि पिचकारीनें सोडावा तसा तो धागा आंत जातो. कवच बाहेरच राहतें. १९५२ सालीं हर्शे आणि चेस यांनीं स्वयंपाकघरांतील घुसळण्याच्या यंत्रानें हीं बाहेर चिकटलेलीं कवचें झटकून टाकलीं, आणि तरीहि आंत विषाणूंची नवी प्रजा तयार होते असें दाखविलें. वंशाचे गुण प्रथिनांत नसून त्या धाग्यांत असतात या सिद्धांतास बळकटी आली ती या प्रयोगामुळें.

आंत गेलेला धागा जीवाणूचा सर्व कारखाना आपल्या ताब्यांत घेतो. डोकीं वेगळीं, शेपटें वेगळीं, तंतु वेगळे असे तयार होऊन मग जुळविले जातात. शेवटीं भिंत विरघळविणारें द्रव्य निर्माण होऊन जीवाणु फुटतो आणि शंभर-दोनशें नवे विषाणु बाहेर पडतात. शरीराच्या उष्णतेस या सर्व व्यापाराला सुमारें अर्धा तास पुरतो. शंभराचा हिशेब धरला तर एकाचे अर्ध्या तासांत शंभर, तासांत दहा हजार आणि दीड तासांत दहा लक्ष होतात. मात्र भोंवतीं तितके जीवाणु असले पाहिजेत. ते संपले कीं वाढहि संपली. रासायनिक औषध फवारल्यावर कमी कमीच होत जातें. हें औषध रोगजंतु असेतों वाढतें. या एका गुणामुळें त्याचें एवढें आकर्षण आहे. वरील वर्णनावरून हेंहि ध्यानांत येईल कीं ‘भक्षक’ हें नांव यथार्थ नाहीं. हा विषाणु जीवाणूला खात नाहीं, त्याच्या घरांत शिरून घर फोडतो. पण नांव रूढ झालें आहे आणि आतां तें बदलणार नाहीं.

सर्वच जातींचे विषाणु असे तडकाफडकी वागत नाहींत. ‘लॅम्डा’ नांवाचा विषाणु आंत शिरल्यावर कित्येकदां आपला धागा जीवाणूच्या धाग्यांत सांधून टाकतो आणि निपचित राहतो. जीवाणु दुभंगला कीं त्याचीहि प्रत निघते. घरांत घेतलेला पाहुणा वारसा-हक्कानें पुढील पिढ्यांत उतरावा तसा हा प्रकार आहे. पुढें अतिनील किरणांचा किंवा दुसरा एखादा आघात झाला कीं तो जागा होतो व घर फोडून बाहेर पडतो. अशांना सौम्य विषाणु म्हणतात, पण हें विशेषण फसवें आहे. घटसर्प या एकाच नांवानें म्हशीचा व लहान मुलांचा असे दोन निराळे रोग ओळखले जातात. त्यांपैकीं मुलांच्या घटसर्पाच्या जंतूला विष निर्माण करण्याची शक्ति अशाच दडलेल्या विषाणूपासून मिळते, असें १९५१ मध्यें सिद्ध झालें, आणि पटकीच्या जंतूचें विषहि विषाणूनेंच आणून दिलेलें आहे असें १९९६ मध्यें आढळून आलें. तिसरा एक प्रकार दोऱ्यासारख्या विषाणूंचा. ते जीवाणूला न मारतां त्याच्या भिंतींतून पाझरत राहतात. टोमॅटो, वांगीं, बटाटा यांना मर आणणाऱ्या जीवाणूवर असे विषाणु असतात. जपानी संशोधकांस असें दिसलें कीं, त्यांतील एका जातीनें रोगजंतूचा जोर वाढतो, तर दुसऱ्या जातीनें तो जवळजवळ नाहींसा होतो. तेव्हां शेतांत वापरावयाचा विषाणु कोणत्या प्रकारचा आहे हें आधीं ठरविणें किती जरुरीचें आहे, हें यावरून दिसेल. आणि म्हणूनच वर्गीकरण हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे.

हें वर्गीकरण प्रथम आकारावरून झालें. १९६७ सालीं ब्रॅडली यांनीं सहा मूळ आकार सांगितले. पुढें शेपूटवाल्या विषाणूंचीं तीन कुलें मानण्यांत आलीं: आखडणाऱ्या शेपटाचें मायोव्हिरिडी, लांब पण न आखडणाऱ्या शेपटाचें सायफोव्हिरिडी आणि आंखूड शेपटाचें पोडोव्हिरिडी. २००७ पर्यंत साडेपांच हजारांहून अधिक जीवाणुभक्षक सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले गेले होते. त्यांत शेंकडा ९६ शेपूटवाले निघाले, त्यामुळें हीं तीन नांवें जगभर पाठ झालीं. परंतु आनुवंशिक द्रव्य अक्षरशः वाचतां येऊं लागल्यावर असें दिसून आलें कीं, एकाच आकाराच्या दोन विषाणूंत कांहीं वेळां कांहींच नातें नसतें, आणि निराळ्या आकाराचे दोन जवळचे भाऊबंद असतात. केवळ लांब शिंगें पाहून खिलार बैल आणि पंढरपुरी म्हैस यांना एका जातींत घालावें, तशी ही चूक होती. विषाणूंच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिति १९६६ पासून हें काम पाहते. तिनें २०२२ मध्यें हीं तीनहि कुलें रद्द केलीं. शेपूटवाले सर्व विषाणु आतां कॉडोव्हिरिसेटीस या एका वर्गांत येतात आणि त्यांचीं कुलें आनुवंशिक द्रव्याच्या साम्यावरून पाडिलीं जातात. टी-४ हा त्यांतील स्ट्रॅबोव्हिरिडी कुलांतील. जुन्या पुस्तकांत तिन्ही नांवें आढळतील. आकाराचें वर्णन म्हणून तीं अद्याप उपयोगीं आहेत, वंश म्हणून नाहींत. जातीची कसोटीहि आतां अंकांत सांगतात: दोन विषाणूंच्या धाग्यांत शेंकडा ९५ पेक्षां अधिक साम्य असेल तर जात एक, आणि सुमारें ७० असेल तर प्रजाति एक.

शेपूट नसलेले विषाणु संख्येनें थोडे, पण विविधतेनें मोठे आहेत. कांहींचा धागा दुपदरी असतो, कांहींचा एकपदरी. कांहींचा डीएनए या द्रव्याचा, तर कांहींचा आरएनए या द्रव्याचा. ‘एमएस-२’ या चिमुकल्या विषाणूचा आरएनएचा धागा अवघ्या ३,५६९ अक्षरांचा असून, १९७६ मध्यें बेल्जममध्यें तो संपूर्ण वाचला गेला. ‘फाय-६’ हा विषाणु घेवड्याच्या पानांवर रोग आणणाऱ्या जीवाणूवर जगतो. त्याचें आनुवंशिक द्रव्य तीन तुकड्यांत असतें व त्याला बाहेरून स्निग्ध पदार्थाचें वेष्टन असतें, त्यामुळें साबणासारख्या द्रव्यानें तो लगेच निकामी होतो. नवलाची गोष्ट अशी कीं, या सर्वांचा मूळ पुरुष एक नाहीं. एमएस-२ चें नातें, दूरचें कां होईना, तंबाखूच्या केवड्यासारख्या वनस्पति-रोगांच्या विषाणूंशीं लागतें, आणि शेपूटवाल्यांचें नातें मनुष्याला नागीण आणणाऱ्या विषाणूंशीं. म्हणजे ‘जीवाणुभक्षक’ ही जात नसून तो धंदा आहे, असें म्हटल्यास चालेल.

आतां व्यवहार पाहूं. या विषाणूंची झळ सर्वांत आधीं लागली ती दुधाच्या धंद्याला. न्यूझीलंडमध्यें चीज तयार करतांना विरजण एकाएकीं मंदावे, दूध आंबत नसे आणि घाणा वायां जाई. १९३५ सालीं व्हाइटहेड आणि कॉक्स यांनीं याचें कारण विरजणांतील जीवाणूंना होणारा हाच रोग आहे असें दाखविलें. आजहि जगांतील मोठ्या दुग्धशाळांपुढें ही अडचण उभी असते. दूध ७२ अंश उष्णतेवर १५ सेकंद तापवून जी पाश्चरीकरणाची क्रिया करतात, तींतून या विषाणूंपैकीं पुष्कळ जिवंत सुटतात. चीजचें निवळ पाणी त्यांनीं भरलेलें असतें आणि त्याचे तुषार हवेंत उडून विरजणाच्या भांड्यापर्यंत पोहोंचतात. त्यांना जीवाणूवर चिकटण्यास बहुधा कॅल्शियम लागतें. म्हणून विरजण वाढविण्याच्या दुधांत फॉस्फेट घालून तें बांधून टाकतात. तसेंच एकच विरजण रोज न वापरतां निराळ्या वाणांची पाळी लावतात. पाळी लावावयाची ती कोणत्या क्रमानें, हें वर्गीकरणावरून ठरतें. दुधाच्या जीवाणूवरील विषाणूंत स्क्यूनाव्हायरस आणि सेडुओव्हायरस या दोन प्रजाति वारंवार आढळतात. पूर्वीं दोन्ही एकाच कुलांत मोडत, पण जीवाणूच्या अंगावरील ज्या खुणेला त्या चिकटतात ती निराळी. त्यामुळें एकीला दाद न देणारें विरजण दुसरीला बळी पडतें. घरच्या विरजणाविषयीं मात्र लगेच विषाणूवर संशय घेऊं नये. दूध उकळून घेतलेलें असतें, आणि घरगुती विरजणांत अनेक वाण मिसळलेले असल्यानें एक मेला तरी दुसरा काम भागवितो. दहीं न लागण्याचें कारण थंडी, शिळें विरजण किंवा दुभत्या जनावराला नुकतेंच टोंचलेलें औषध हेंच बहुधा निघेल.

जीवाणुहि स्वस्थ बसत नाहींत. दह्याच्याच एका जीवाणूवर काम करतांना २००७ मध्यें असें प्रयोगानें सिद्ध झालें कीं, विषाणूच्या हल्ल्यांतून वांचलेला जीवाणु त्या विषाणूच्या धाग्याचा एक लहान तुकडा आपल्या धाग्यांत जपून ठेवतो, आणि तोच विषाणु पुन्हा आला तर ओळखून त्याचे तुकडे करतो. देवीची लस टोंचावी तसें हें आहे, फरक इतकाच कीं ही लस पिढ्यान्‌पिढ्या उतरते. पिकांचे वाण सुधारण्याच्या ज्या नव्या ‘क्रिस्पर’ पद्धतीचें नांव वर्तमानपत्रांत येतें, तिचा उगम जीवाणूंच्या याच युक्तींत आहे.

मुळांवरील गांठींच्या जीवाणूंनाहि हा रोग होतो. फ्रान्समध्यें लसूणघासाचें पीक वर्षानुवर्षें घेतलेल्या जमिनी थकत, तेव्हां १९३० नंतरच्या दशकांत देमोलाँ आणि द्यूने यांनीं त्याचा दोष गांठींच्या जीवाणूंवरील विषाणूंस दिला. हें मत सर्वांना मान्य झालें नाहीं, आणि आमच्याहि मतें सर्व थकव्याचें खापर एकट्या विषाणूवर फोडतां येत नाहीं. तथापि जमिनींत असे विषाणु असतात आणि त्यांच्या हल्ल्यानंतर उरणारे कांहीं जीवाणु नत्र देण्याच्या कामीं निरुपयोगी असतात, हें खरें आहे. जीवाणु-खताची पुडी चोळूनहि गांठी धरल्या नाहींत तर प्रथम पुडी उन्हांत राहिली होती काय, ती त्याच पिकाची होती काय, बियाण्यास बुरशीनाशक आधीं लावलें होतें काय, हें पाहावें. विषाणूचा विचार त्यानंतर.

पिकांच्या रोगांवर हे विषाणु वापरण्याची कल्पना नवी नाहीं. १९२४ सालीं अमेरिकेंत मॅलमन व हेमस्ट्रीट यांनीं सडलेल्या कोबीचा गाळलेला रस काळ्या कुजीच्या जीवाणूला वाढूं देत नाहीं असें दाखविलें. १९२५ मध्यें कोटिला व कून्स यांनीं बटाट्याच्या काळ्या पायाच्या रोगावर तसाच अनुभव घेतला. १९३५ मध्यें थॉमस यांनीं मक्याचें बियाणें विषाणूंच्या द्रावणांत भिजवून पेरलें, तेव्हां जीवाणुजन्य मरीचें प्रमाण शेंकडा १८ वरून १.४ वर आलें. यानंतर प्रतिजैविक औषधें आलीं आणि हें काम मागें पडलें. फ्लॉरिडांत टोमॅटोवरील ठिपक्यांचे जंतु स्ट्रेप्टोमायसीन आणि तांबें या दोहोंनाहि जुमानेनासे झाले, तेव्हां तें पुन्हा हातीं घ्यावें लागलें. आणि २००५ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें टोमॅटो व मिरचीवरील जीवाणुजन्य ठिपक्यांसाठीं अशा औषधाची प्रथमच नोंदणी केली.

प्रयोगशाळेंत जीवाणूंचा फडशा पाडणारा विषाणु पानावर मात्र दुबळा ठरतो, हा तेथील मोठा धडा. उन्हांतील अतिनील किरणांनीं व कोरड्या हवेनें तो कांहीं तासांतच निकामी होतो. म्हणून तेथें फवारणी सायंकाळीं करूं लागले आणि द्रावणांत साय काढलेल्या दुधाची भुकटी व साखर घालूं लागले. त्यामुळें तो पानावर अधिक काळ टिकतो. तांबेयुक्त औषधानें जंतूंप्रमाणें हे विषाणुहि निकामी होतात, त्यामुळें बोर्डो मिश्रण मारल्यावर लागलीच हें फवारणें म्हणजे पैसे पाण्यांत घालणें होय. तिसरी अडचण किल्ली-कुलपाची. एका रोगाच्या जंतूंतहि अनेक वाण असतात. एका वाणाला मारणारा विषाणु दुसऱ्याला स्पर्शहि करीत नाहीं, आणि लागू पडला तरी कांहीं दिवसांत त्याला दाद न देणारे जीवाणु निवडून निघतात. यासाठीं चार-सहा निराळ्या विषाणूंचें मिश्रण करतात व तें वेळोवेळीं बदलतात. तेव्हां तेल्या, खैऱ्या, करपा, मर या सर्वांवर एकच बाटली चालते असें जो सांगेल, त्याला या विषाणूंची ओळख नाहीं असें समजावें, किंवा ओळख असून तो ती लपवीत आहे. बाटली घेण्यापूर्वीं ती कोणत्या जीवाणूसाठीं आहे, आपल्या भागांतील जंतूंवर तिची परीक्षा झाली आहे काय, तींत फक्त फोडणारेच विषाणु आहेत काय, ती केव्हां भरली आणि कोणत्या उष्णतेंत ठेवावयाची, हें विचारावें. आणि पिकावरील रोगाचें औषध म्हणून ती विकली जात असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक तिच्यावर पाहावा.

आपल्या बागेंतील रोगजंतूचा शत्रु बहुधा आपल्याच बागेंत असतो. जेथें जीवाणु माजला तेथें त्याचा विषाणुहि असावयाचा, या न्यायानें संशोधक रोगट झाडाखालचीच माती मागतात. ती माती जीवाणूंच्या खाद्यद्रवांत त्याच जीवाणूबरोबर रात्रभर ठेवून, मग सूक्ष्म गाळणींतून गाळतात आणि तो रस जीवाणूंच्या दाट थरावर सोडतात. विषाणु असल्यास दुसऱ्या दिवशीं थरांत निर्मळ गोल ठिपके दिसतात; प्रत्येक ठिपका एका विषाणूच्या वंशाचा, त्यामुळें ठिपके मोजून मूळ विषाणूंची संख्याहि काढतां येते. एखाद्या गांवच्या बागाईतदारांनीं मिळून कृषि महाविद्यालयाच्या वनस्पति-रोग शाखेकडे अशी परीक्षा करून मागितल्यास नमुना पुढीलप्रमाणें घ्यावा. रोग जोरांत असलेल्या तीन-चार झाडांखालची, वरचा पालापाचोळा दूर करून, ओलसर माती मूठ-मूठभर घ्यावी व स्वच्छ पिशवींत घालावी. उन्हांत वाळवूं नये. ताजे ठिपके असलेलीं पानें व फळें कोरड्या कागदांत वेगळीं गुंडाळावींत, कारण त्यांतून जीवाणु वेगळा काढावयाचा असतो. गेल्या पंधरवड्यांत तांबेयुक्त किंवा प्रतिजैविक औषध फवारलें असल्यास त्याचें नांव व तारीख, बागेचें ठिकाण, झाडांचें वय आणि वाण हें सर्व चिठ्ठीवर लिहून नमुना सावलींत ठेवून एक-दोन दिवसांच्या आंत पोहोंचवावा.